लील : फ्रेंच शहरातील फ्लेमिश चव

फ्रान्समधील भोजन म्हणजे द्राक्षाचे मद्य, हा समज देशाच्या उत्तर टोकावरील लील शहरात टिकत नाही. येथे मांस बिअरमध्ये शिजते आणि ताटात पावाबरोबर तळलेल्या बटाट्यांचा ढीग असतो. पॅरिसहून अतिवेगवान रेल्वेने सुमारे तासाभरात गाठता येणारे हे शहर बेल्जियमच्या सीमेलगत वसले आहे. त्याच्या इतिहासाची खूण इमारतींप्रमाणेच स्वयंपाकघरातही उमटलेली दिसते.

लील हे शतकानुशतके फ्लँडर्स प्रांताचा भाग होते. सतराव्या शतकात तेथे स्पेनच्या राजांची सत्ता होती. १६६७ मध्ये चौदाव्या लुईने वेढा घालून शहर जिंकले आणि पुढील वर्षीच्या तहाने ते फ्रान्सकडे गेले. येथील सामान्यांची जुनी बोली मात्र फ्लेमिश नव्हती. ती फ्रेंचच्या कुळातील पिकार्ड होती. त्यामुळे लीलचे फ्लेमिशपण भाषेपेक्षा आहारात आणि सणउत्सवांत अधिक जाणवते.

एस्तामिने म्हणजे काय?

हे पदार्थ चाखण्याची पारंपरिक जागा म्हणजे 'एस्तामिने'. ही मुळात कष्टकऱ्यांची मद्यगृहे होती. कापड गिरण्यांतील आणि खाणींतील कामगार तेथे बिअर पीत, पत्ते खेळत, बातम्या ऐकत. गिरण्या बंद पडू लागल्या, १९९० मध्ये या भागातील शेवटची कोळसा खाणही बंद झाली आणि जुन्या एस्तामिनेंचा आधार गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे पुनरुज्जीवन झाले, ते प्रामुख्याने भोजनगृहे म्हणून. लाकडी मेजे, पाटीवर खडूने लिहिलेली पदार्थांची यादी, छताला टांगलेली हॉप वनस्पतीची तोरणे हे त्यांचे आजचे रूप.

काय खावे?

'कार्बोनाद' हा येथील मानाचा पदार्थ. गोमांस आणि कांदा गडद बिअरमध्ये काही तास मंद आचेवर शिजवतात. मोहरीची चटणी लावलेला मसालेदार मधपाव आणि तपकिरी साखर घालून रस दाट केला जातो. त्यातूनच त्याची आंबटगोड चव येते. सीमेपलीकडे बेल्जियममध्ये हाच पदार्थ 'स्टोफव्हलेस' नावाने मिळतो. 'पॉचव्लेश' ही कोंबडी, ससा, डुक्कर आणि वासरू यांच्या मांसाची जेलीत गोठवलेली थंड वडी. ती गरम बटाट्यांबरोबर खातात. कोंबडीचे किंवा मासळीचे सायीचे कालवण म्हणजे 'वाटरझोई'. त्याचे मूळ बेल्जियममधील गेंट शहरात आहे. उग्र वासाच्या मारुआल चीजची 'तार्त' आणि शेवटी साखरेची 'तार्त' हवीच.

कोठे खावे?

जुन्या लीलमधील 'र्‍यू द गां', म्हणजेच गेंट रस्ता, या भोजनगृहांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका एस्तामिनेचे नाव 'त् रेइसेल' आहे. रेइसेल हे लीलचे फ्लेमिश नाव. याच रस्त्यावर 'शे ला व्हिएय' आहे. जवळच्या 'प्लास ओझ ओन्यों' या छोट्या चौकातील 'ओ व्हिय द ला व्हिएय'ही परिचित आहे. जागा लहान असल्याने शनिवार-रविवारी आगाऊ नोंदणी करणे श्रेयस्कर. जुन्या वस्तूंची आरास सर्वत्र दिसते, पण ती चवीची हमी नव्हे. २०१४ पासून फ्रान्समध्ये, कच्च्या मालापासून तेथेच शिजवलेल्या पदार्थापुढे 'फे मेझों', अर्थात 'घरचे', असे लिहिता येते. यादीत ही खूण शोधावी.

गोडासाठी एस्केरमुआझ रस्त्यावरील 'मेर' या दुकानाला भेट द्यावी. १७६१ पासून मिठाईची परंपरा जपणाऱ्या या जागी मादागास्करच्या व्हॅनिलाचे सारण भरलेले पातळ वाफल मिळते. १८९० मध्ये याच शहरात जन्मलेले जनरल द गॉल त्याचे चाहते होते. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी भरणाऱ्या 'ब्रादरी' या जुन्या बाजाराच्या जत्रेत तिसऱ्याच पदार्थाचे राज्य असते. शिंपले आणि तळलेले बटाटे खाऊन उरलेल्या शिंपल्यांचे ढीग भोजनगृहांच्या दारात उभे राहतात आणि कोणाचा ढीग उंच, याची चढाओढ लागते.

शाकाहारींनी काय पाहावे?

भारतीय प्रवाशाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथील बटाटे परंपरेने गाईच्या चरबीत तळले जातात, त्यामुळे केवळ बटाटे मागवून शाकाहार साधत नाही. 'शिकों' या कडवट भाजीचा भाजलेला प्रकार बहुधा हॅममध्ये गुंडाळलेला असतो. चीज आणि साखरेच्या तार्तमध्ये अंडे असते. मारुआल चीजसाठी दूध विरजताना वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी आणि शाकाहारींनी तळणासाठी काय वापरले आहे, हे आधीच विचारावे. असा प्रश्न येथे गैर मानला जात नाही.

राजांनी आखलेली सीमा लीलमध्ये साडेतीन शतकांपूर्वी बदलली. कार्बोनादच्या भांड्याला मात्र ती अद्याप ठाऊक झालेली नाही.