जंतांचं अर्धं आयुष्य पोटाबाहेर

लेकरू गूळ-साखर जास्त खातं म्हणून त्याच्या पोटात जंत झाले, असं जालना जिल्ह्यात आजही अनेक घरांत ऐकू येतं. गोड खाण्याने जंत होत नाहीत. ते बाहेरून येतात. आपल्याकडचे बहुतेक जंत माणसाच्या आतड्यात अंडी घालतात, पण ती अंडी तिथेच उबून नवे जंत होत नाहीत. पुढच्या पिढीला आधी शरीराबाहेर पडावं लागतं आणि मातीत किंवा दुसऱ्या प्राण्यात काही काळ काढावा लागतो. जंताला गाठायची खरी जागा हीच.

सुरुवात गोल जंतापासून करू. गांडुळासारखा दिसणारा हा जंत वीतभर किंवा त्याहून लांब असतो. त्याची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. उघड्यावर शौच झालं की ती मातीत मिसळतात, पण ताजं अंडं कुणाला बाधत नाही. ओल्या, उबदार मातीत त्याच्यात अळी तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पुढे ते अंडं वर्षानुवर्षं तग धरू शकतं. न धुतलेली मेथी-कोथिंबीर, मातीने भरलेली नखं, उघडं पाणी यांतून ते तोंडात जातं. आतड्यात अळी बाहेर येते, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि यकृतामार्गे फुप्फुसात पोचते. तिथे दहा-चौदा दिवस वाढते, श्वासनलिकेतून वर घशाशी चढते आणि थुंकीबरोबर गिळली जाऊन पुन्हा आतड्यात येते. तिथे तिचा पूर्ण जंत होतो. अंडं गिळल्यापासून नवी अंडी पडेपर्यंत दोन-तीन महिने जातात.

हुकवर्मला तोंडाची वाट लागत नाही. हा जेमतेम एक सेंटिमीटरचा. त्याची अंडी मातीत एक-दोन दिवसांत उबतात आणि पाच-दहा दिवसांत अळी माणसाच्या कातडीतून शिरण्याइतकी तयार होते. अनवाणी पाय पडला की बोटांच्या बेचक्यातून ती आत घुसते. तिथे खाज सुटते, बारीक पुरळ येतं. पुढची वाट तीच: रक्त, फुप्फुस, घसा, आतडं. आतड्याच्या अस्तराला चावून तो रक्त पितो. एक जंत रोज अगदी थोडं रक्त घेतो, पण शेकडो जंत वर्षानुवर्षं राहिले की अंगातलं लोह संपतं. कायम थकलेली, फिकट पडलेली बाई किंवा वर्गात पेंगणारं मूल यामागे हेही एक कारण असू शकतं.

या अळीला ओल आणि सावली हवी, कोरड्या उन्हात ती मरते. उन्हाळ्यात भेगाळलेलं काळं रान तिला मानवत नाही. पण ठिबकाखाली ओल धरून असलेली मोसंबीची सावलीतली बाग, कालव्याचा काठ, पावसाळ्यातला बांध अशा जागी उघड्यावर शौच होत असेल, तर तिची सोय होते. म्हणून पायात चप्पल असणं हाही इथे औषधोपचारच.

तिसरा डुकराचा टेपवर्म. याला दोन पोशिंदे लागतात. पूर्ण वाढलेला फितीसारखा जंत माणसाच्या आतड्यात राहतो, म्हणून माणूस मुख्य पोशिंदा. डुक्कर विष्ठेतली अंडी खातं आणि त्याच्या स्नायूंत अळीच्या गाठी होतात, म्हणून ते मध्यस्थ पोशिंदा. असं कच्चं-अर्धवट शिजलेलं मांस खाल्लं की माणसाच्या आतड्यात टेपवर्म वाढतो. खरा धोका मात्र वेगळा आहे. माणसाने मांसातली गाठ न खाता थेट अंडी गिळली, तर डुकराच्या जागी तोच मध्यस्थ होतो. अळ्या मेंदूत जाऊन बसतात आणि फिट येऊ लागतात. अंडी येतात ती बाधित माणसाच्या न धुतलेल्या हातांतून किंवा अस्वच्छ भाजीतून. त्यामुळे जन्मभर मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. फिट आली की अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नयेत. सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये या गाठी दिसतात. उपचार डॉक्टरांच्या देखरेखीतच व्हायला हवा, कारण अळी मरताना भोवती सूज येते आणि त्रास वाढू शकतो.

आता तपासणी. शौचाचा नमुना स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या डबीत घ्यायचा, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू द्यायचं नाही. लॅब टेक्निशियन काडीच्या टोकाएवढा नमुना काचपट्टीवर एकदा सलाईनच्या थेंबात आणि एकदा आयोडीनच्या थेंबात कालवतो, वर पातळ काच ठेवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली कडेपासून कडेपर्यंत ओळीने पाहतो. गोल जंताचं अंडं तपकिरी-पिवळं, जाड कवचाचं, वरून खडबडीत. हुकवर्मचं अंडं लांबट गोल, कवच इतकं पातळ की आतल्या चार-आठ पेशी आरपार दिसतात. लांबी मिलिमीटरचा सोळावा-सतरावा भाग. नजर बसलेला माणूस फरक क्षणात सांगतो.

तरीही रिपोर्टमध्ये ‘अंडी आढळली नाहीत’ असं आलं म्हणजे जंत नाहीतच, असं होत नाही. अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने तपासणं चांगलं. अळ्या फुप्फुसात असतात तेव्हा खोकला असतो, पण शौचात अजून एकही अंडं नसतं. त्या वेळी रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या दिसू शकतात. मेंदूत गाठी असलेल्या रुग्णाची शौच तपासणीही अनेकदा निर्दोष येते. कोणता जंत कोणत्या टप्प्यावर कुठे आहे, यावर काय तपासायचं ते ठरतं.

२०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला अंगणवाड्या-शाळांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात: एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून, दोन ते तीन वर्षांच्यांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी चुरून आणि त्यावरच्यांना ती चावून. मूल त्या दिवशी आजारी असेल तर बरं झाल्यावर द्यायची. गोळीने आतड्यातले जंत जातात. परसातल्या मातीतली अंडी तशीच राहतात, म्हणून मूल पुन्हा बाधित होतं आणि गोळी पुन्हा द्यावी लागते.

मातीतली किंवा पाण्यातली कडी तोडली तर काय होतं, हे महाराष्ट्राने नारू या जंताच्या बाबतीत पाहिलं आहे. मराठवाड्यातल्या जुन्या पायऱ्यांच्या बारवांत माणसं पाण्यापर्यंत उतरून घागर भरत. नारूची अळी पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवात राहते. ते पाणी प्यायलं की वर्षभराने हातभर किंवा त्याहून लांब मादी बहुधा पायातून फोड फोडून बाहेर येते. आग शमवायला रुग्ण पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच क्षणी लाखो अळ्या पाण्यात सुटतात. नारूवर औषध नव्हतं, लसही नव्हती. हातपंप बसवले, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, पाणी दुहेरी कापडातून गाळायला शिकवलं, सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस पाण्यात टाकलं. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला.

जालन्यापुढचं काम याच वाटेचं आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. १० फेब्रुवारीला त्यांची लेकरं गावच्या अंगणवाडीत नसतात, फडावरच्या कोपीत असतात. तिथे शौचाला आडोसा म्हणजे शेजारचा ऊस, आणि अनवाणी पोरं त्याच ओल्या मातीत खेळतात. गोळी चुकते आणि जंत नव्याने लागतात, दोन्ही एकाच ठिकाणी. म्हणून तोडणीला जाणाऱ्या आईबापांनी लेकरांच्या गोळीसाठी तिथल्या अंगणवाडीताईला किंवा आशाताईला गाठावं आणि पोरांच्या पायात चप्पल घालावी. कोपीजवळ संडास आणि हात धुवायला पाणी देणं हे मात्र कारखाना आणि प्रशासनाचं काम आहे. ते झालं, तरच गोळीचा उपयोग सहा महिन्यांपलीकडे टिकेल.