कामिक कोळ्याचं पोर: मच्छिंद्रनाथांचं बालपण कादंबरीत कसं आणायचं?

कल्याण-डोंबिवलीकरांना मलंगगड वेगळा दाखवावा लागत नाही. हवा स्वच्छ असली की गच्चीवरून दिसतो. मच्छिंद्रनाथांची समाधी म्हणून हिंदू तिथे जातात, हाजी मलंगबाबांचा दर्गा म्हणून मुसलमान जातात. त्यावरून वाद आहेत, आजचा विषय तो नाही. बीड जिल्ह्यात सावरगावला मायंबा आहे, तिथेही मच्छिंद्रनाथांची समाधी सांगतात. शेवटाच्या जागा दोन झाल्या. आणि सुरुवात? नाथांच्या बालपणावर ऐतिहासिक कादंबरी लिहायची, तर हातात काय आहे?

इंग्रजीत असा प्रयोग झालेला आहे. मर्लिन हा तिकडचा दंतकथेतला जादूगार. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने त्याची गोष्ट लिहिली. राजाचा बुरूज सारखा ढासळतो, पायात बिनबापाच्या पोराचं रक्त शिंपडा असं सांगितलं जातं, आणि धरून आणलेलं ते पोरच बुरुजाखालचं गुपित सांगतं. 1970 साली मेरी स्ट्युअर्टबाईंनी ‘द क्रिस्टल केव्ह’मध्ये याच पोराला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं. त्याला बाप मिळवून दिला, बरीचशी जादू हुशारीत आणि यंत्रविद्येत बसवली. दिव्यदृष्टी मात्र ठेवली.

आपल्याकडे इतिहास म्हणावा तर थोडा आहे. काश्मीरचे अभिनवगुप्त इ.स. 1000च्या आसपास ‘तंत्रालोका’त मच्छंदाचं स्मरण करतात, म्हणजे हा पुरुष त्याआधीचा. 1290च्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी गुरुपरंपरा येते, तिथे माशाच्या पोटातून ज्ञान ऐकल्याची कथा आहे. प्रबोधचंद्र बागचींनी 1934 साली नेपाळातल्या पोथीवरून ‘कौलज्ञाननिर्णय’ छापला, त्यातही मासा आणि कोळी आहेतच. तेव्हा मासा काही नंतर कुणी चिकटवलेला नाही.

बालपण खरं सापडतं ते मालूकवीच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त. शके 1741, म्हणजे 1819 सालची पोथी. चाळीस अध्याय, अजून घरोघरी पारायणं होतात. पहिल्याच अध्यायात यमुनेकाठी मासोळीचं अंडं, बगळ्याने चोच मारून फोडलेलं, आत मूल. कामिक नावाचा कोळी ते उचलतो, शारद्वता त्याला वाढवते. पाच वर्षांचं झाल्यावर बाप त्याला मासेमारीला नेतो. पकडलेले मासे त्याच्याजवळ ठेवून पुन्हा पाण्यात शिरतो. आणि पोराला वाटतं, अरे, हे तर माझ्या आईचं कूळ! एकेक करून सगळे मासे परत नदीत. बाप येतो, बघतो, मारतो. भीक मागून खाणार आहेस का, म्हणतो. पोर तोच शब्द धरतं, बापाची नजर चुकवून निघतं, ते थेट बदरिकाश्रमाला, बारा वर्षांच्या तपाला.

पारायणात हा प्रसंग आपण भराभर ओलांडतो, कारण पुढे मंत्र आहेत, मारुतीशी युद्ध आहे, स्त्रीराज्य आहे. माझ्या मते कादंबरी इथेच आहे. चेंदणी कोळीवाड्यात हीच गोष्ट सांगून बघा. लोक आधी कामिकाची बाजू घेतील! दिवसभराची मेहनत, घरची चूल, सगळं पाण्यात गेलं. तो दुष्ट नाही, पोरकं मूल त्यानेच उचललं होतं.

मग अंड्याचं काय करायचं? स्ट्युअर्टबाईंनी बहुधा काहीतरी खुलासा शोधला असता. मी म्हणेन, ते शारद्वतेच्या तोंडी ठेवा. तुला आम्ही वाळूत उचललं रे, तू मासोळीचा, असं झोपवताना रोज सांगणारी आई. मोठ्यांसाठी ती लाडाची गोष्ट, पोराला ती खरी वाटते. मग टोपली रिकामी करणं हा चमत्कारही नाही आणि खोडीही नाही, त्याने आईचं ऐकलं एवढंच. पोथी पोरामागे हिमालयात जाते. कादंबरीकाराने त्या संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन कामिकाबरोबर घरी जावं. शारद्वता दारात उभी असणार, आणि पोर कुठंय हे तिला सांगायचं आहे.