राष्ट्राला कोचावर कुणी निजवायचं?

१९६७ साली म्युनिकच्या पीपर प्रकाशनानं एक पुस्तक काढलं आणि वाचायला मुळीच सोपं नसलेलं ते पुस्तक पश्चिम जर्मनीत धडाधड खपलं. लेखक नवरा-बायको, दोघंही डॉक्टर आणि दोघंही मनोविश्लेषक : अलेक्झांडर आणि मार्गारेटे मिचरलिश. पुस्तकाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘शोक करण्याची असमर्थता’. १९४५ मध्ये जे गमावलं त्याचं दुःख जर्मन समाजाला करताच आलेलं नाही आणि म्हणून वीस-बावीस वर्षं उलटली तरी तो आतून गोठलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. एका माणसाला कोचावर निजवून त्याच्या मनाचा ठाव घेण्याची फ्रॉइडची रीत अख्ख्या देशाला लावता येते का, हा प्रश्न त्याआधीही निघाला होता. फ्रॉइडनं स्वतः १९२१ मध्ये समूहाच्या मानसशास्त्रावर लिहिलं होतं. पण ही रीत कुठे कामाची आहे आणि कुठे घातक, हे तपासायचं तर या जोडप्यापासून सुरुवात करावी. अशा विश्लेषणाचा भरवसा धरावा की नाही, हे मला सिद्धांतापेक्षा एका साध्या गोष्टीवरून ठरवावंसं वाटतं : कोचाशेजारच्या खुर्चीत बसलेल्यानं स्वतःला तपासणीतून वगळलं आहे का?

मिचरलिशांच्या युक्तिवादाचा पाया १९१७ साली छापलेल्या फ्रॉइडच्या एका निबंधात आहे. जवळचं माणूस गेलं की आपण रडतो, आठवणी काढतो, आणि जीव हळूहळू त्याच्यातून सोडवून घेतो. हा झाला शोक. पण गेलेल्या माणसावर आपलं स्वतःचंच मोठेपण टांगलेलं असेल, तर त्याच्याबरोबर आपली स्वतःविषयीची किंमतही जाते, आणि माणूस खिन्नतेच्या गर्तेत पडतो. लाखो जर्मनांनी हिटलरमध्ये आपलं मोठेपण पाहिलं होतं. तो पडला, त्याची कृत्यं जगापुढे आली, तेव्हा देशभर खिन्नतेची लाट यायला हवी होती. ती आली नाही. लोकांनी मागचं सगळं जणू परक्या कुणाच्या आयुष्यात घडल्यासारखं बाजूला सारलं, विटा रचल्या, कारखाने चालू केले, आणि ज्याला जगानं आर्थिक चमत्कार म्हटलं तो करून दाखवला. या पुस्तकाबद्दल एक गैरसमज फार रुळला आहे : जर्मनांनी ज्यूंसाठी शोक केला नाही, एवढंच ते सांगतं. मूळ मुद्दा त्याहून बोचरा आहे. आपण त्या माणसावर प्रेम केलं होतं, हेच जर्मनांनी कबूल केलं नाही. आणि ती कबुली नाही तोवर त्यांच्या मनात बळी पडलेल्यांसाठी जागा होणं शक्य नव्हतं.

याला पुरावा काय? पुस्तकात त्यांच्या दवाखान्यातल्या रुग्णांच्या हकिगती आहेत, पण माझ्या मते भक्कम पुरावा बाहेर आहे. ज्यूंचे नागरी हक्क काढून घेणाऱ्या न्यूरेंबर्ग कायद्यांवर भाष्य लिहिणाऱ्यांपैकी एक हान्स ग्लोबके १९५३ पासून १९६३ पर्यंत चान्सेलर आडेनाउअर यांच्या कचेरीत सर्वोच्च अधिकारी होते. अलेक्झांडर मिचरलिश यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेला अनुभव तर याहून बोलका आहे. छळछावण्यांत कैद्यांवर जीवघेणे प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांवर १९४६-४७ मध्ये न्यूरेंबर्गला खटला चालला. तेवीस आरोपी, त्यांतल्या सातांना फाशी. जर्मन वैद्यक संघटनांनी निरीक्षक म्हणून मिचरलिशांना तिथे धाडलं होतं. त्यांनी फ्रेड मील्के या सहकाऱ्याबरोबर कागदपत्रं जमवली, आणि १९४९ मध्ये त्यांच्या विस्तृत अहवालाच्या दहा हजार प्रती डॉक्टरांच्या संघटनांसाठी छापल्या गेल्या. त्यानंतर काहीच झालं नाही. परीक्षण नाही, पत्र नाही, शिवी नाही. पुस्तक निघालंच नव्हतं असं वाटावं अशी शांतता. व्यवसायबंधूंमध्ये मात्र मिचरलिश घरभेदी ठरले. १९६० मध्ये तोच मजकूर स्वस्त आवृत्तीत सर्वसामान्य वाचकांपुढे आला, तेव्हा कुठे लोकांच्या हाती पोचला. पुढे ७ डिसेंबर १९७० रोजी चान्सेलर विली ब्रांट वॉर्साच्या ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले; त्यावर ‘श्पीगेल’ साप्ताहिकानं घेतलेल्या कौलात ४८ टक्के लोकांना ते अती वाटलं आणि ४१ टक्क्यांना योग्य.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्तच आहे. राष्ट्राला मन नसतं, बालपण नसतं, आई-बाप नसतात. मग त्याला नेणीव कुठून येणार? मान्य. ‘जर्मन मन’ नावाची वस्तू कुणी पाहिलेली नाही. पण लाखो माणसं एकाच गोष्टीकडे एकाच पद्धतीनं पाठ फिरवतात, आणि कोर्ट, शाळेची पुस्तकं, पेन्शनचे नियम त्यांना पाठ फिरवणं सोपं करून देतात, हे मात्र दिसतं आणि मोजताही येतं. त्यापुढचा आक्षेप अधिक अवघड आहे : पाठ फिरवायला नेणीव कशाला हवी, साधा स्वार्थ पुरेसा नाही का? ज्या न्यायाधीशानं १९४३ मध्ये फाशीच्या शिक्षा दिल्या, त्याला १९५५ मध्ये गप्प बसायला पेन्शन हे कारण भरपूर झालं. हेही खरं. मनोविश्लेषकांची खोड अशी की साधं कारण हाताशी असताना ते विहिरीत उतरतात. पण ज्या डॉक्टरांनी कुणालाही हात लावला नव्हता, ज्यांना त्या अहवालाची धास्ती बाळगायचं काही कारण नव्हतं, त्यांनीही तो उघडला नाही. स्वार्थाचा हिशेब पुरा करूनही असं काहीतरी बाकी राहतं. त्या बाकीपुरतंच मनोविश्लेषणाला राष्ट्राबद्दल बोलण्याचा हक्क आहे असं मी मानतो, आणि तेवढं क्षेत्र पुष्कळ मोठं आहे.

पण दवाखान्यातली एक सोय देशाच्या बाबतीत नसते. विश्लेषकानं लावलेला अर्थ चुकला तर रुग्ण तसं सांगू शकतो, त्याची पुढची आठवण त्या अर्थाला खोटं पाडू शकते, आणि शेवटी तो उठून निघून जाऊ शकतो. देश उठून जाऊ शकत नाही. शिवाय कुणी ‘हे आम्हाला लागू नाही’ म्हटलं की ‘हा तुमचा प्रतिकार, म्हणजे आमचं निदान बरोबर’ असं म्हणायला विश्लेषक मोकळा. चीत भी मेरी, पट भी मेरी. खुर्चीत राज्यकर्ता आणि कोचावर रयत असेल, तर याचं काय होतं ते मादागास्करमध्ये दिसलं. तिथे १९४७ च्या मार्चमध्ये फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि तो चिरडताना हजारो माणसं मेली. बेटावर अनेक वर्षं राहिलेल्या ऑक्ताव मान्नोनी या फ्रेंच अधिकाऱ्यानं १९५० मध्ये त्याचं मानसशास्त्र मांडलं : मालागासी माणसाला पितृस्थानी असलेल्या कुणाच्या तरी आधाराची गरज असते, गोऱ्या माणसानं ती भागवली, आणि आधार सुटतोय असं वाटताच तो बिथरला. पुराव्यादाखल स्वप्नं दिली. एका स्वयंपाक्याला चवताळलेला काळा बैल पाठीमागे लागलेला दिसतो आणि तो झाडावर चढतो. मुलांच्या स्वप्नांत काळे लोक आणि बंदुका येतात. १९५२ मध्ये फ्रांत्स फानों या मार्तिनिक बेटावरच्या काळ्या मनोविकारतज्ज्ञानं हीच स्वप्नं पुन्हा वाचायला घेतली. उठाव दडपताना फ्रेंचांनी सेनेगाली शिपाई वापरले होते, त्यांच्याकडून कैद्यांचा छळ करवला होता. कैद्यांचे तसे जबाबही होते. फानोंनं विचारलं, मुलाच्या स्वप्नात आलेल्या बंदुकीत लिंगाचं प्रतीक कशाला शोधता? ती लेबेल बनावटीची, १९१६ च्या नमुन्याची खरीखुरी बंदूक आहे. काळा बैलही त्याच शिपायांतला. फानोंनं मनोविश्लेषण फेकून दिलं नाही, हे महत्त्वाचं. त्यानं त्याच हत्याराचं टोक खुर्चीत बसलेल्याकडे वळवलं. मान्नोनींच्या पदरात एक गोष्ट टाकली पाहिजे : १९६६ मध्ये त्यांनी स्वतःच्याच मनातला वसाहतवाद कसा काढायचा याविषयी लेख लिहिला.

आपल्याकडेही हे घडून गेलं आहे. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे प्रमुख, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले ओवेन बर्कली-हिल यांनी १९२१ मध्ये, म्हणजे असहकाराच्या ऐन वर्षात, हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव यांचं मूळ बालपणातल्या गुदविषयक वासनेत शोधणारा लेख आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला. सोवळंओवळं त्यात आयतंच सापडलं. बर्कली-हिल यांची पत्नी मलबारची हिंदू होती. घरातली जवळीकही खुर्ची बदलायला पुरत नाही. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी कलकत्त्याला गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली तेव्हा हेच बर्कली-हिल तिच्या आरंभीच्या सभासदांत होते. बोस मात्र फ्रॉइडला पत्रांतून कळवत राहिले की माझ्या बंगाली रुग्णांत तुम्ही सांगता तशी लिंगच्छेदाची भीती ठळक दिसत नाही, स्त्री होण्याची इच्छा अधिक उघड दिसते. फ्रॉइडला ते फारसं पटलं नाही, पण सिद्धांताला रुग्णाच्या बाजूनं हरकत घेणारं कुणीतरी खोलीत होतं.

मराठी वाचकाला अधिक जवळचं उदाहरण आशीष नंदी यांचं. मानसशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या नंदींनी गांधीहत्येवरचा निबंध १९८० च्या आपल्या संग्रहात छापला. आधीचे मुलगे जगले नाहीत म्हणून नथुराम गोडसेला लहानपणी मुलीसारखं वाढवलं, नाक टोचलं, आणि राजकारणात स्त्रीत्वाला मान देणाऱ्या गांधींशी त्याचं वैर या बालपणाशी जोडता येतं, हा त्यातला एक धागा. इथे मराठी वाचक पटकन हरकत घेईल, आणि घ्यावीच. नवसाच्या मुलाचं नाक टोचणं ही घरोघरची रीत होती. नथू, नथोबा, नथुराम गावोगाव होते, आणि त्यांनी कुणावर पिस्तूल रोखलं नाही. हा धागा तुटतो. पण त्याच निबंधातला दुसरा धागा टिकतो : गांधींनी काठावरच्या लोकांना मधोमध आणल्यामुळे राजकारणाची सूत्रं हाती असलेल्या उच्चवर्णीयांना आपला पायाच सरकतो आहे असं वाटू लागलं. हा सामाजिक मुद्दा आहे, कागदपत्रांतून तपासता येतो, आणि एका माणसाच्या बाळपणावर टेकलेला नाही. त्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ सोडली तर या जाळपोळीवर मराठीत ठळकपणे समोर येईल असं लेखन कमीच, आणि जळालेल्यांच्या घरांतही व जाळणाऱ्यांच्या घरांतही त्याबद्दल आवाज खाली आणूनच बोललं जातं. मिचरलिशांचा प्रश्न इथे विचारायचा, तर तो आपल्यातल्याच कुणीतरी विचारायला हवा.

‘आपल्यातला’ म्हणजे निर्दोष, असं मात्र नाही, आणि या युक्तिवादावरचा सगळ्यांत जड आक्षेप हाच आहे. घरचा माणूस आपलं तेवढं सोयीनं विसरतो. मिचरलिशांचं पुस्तक जर्मनांना आरसा दाखवतं, पण खुद्द जर्मन मनोविश्लेषकांबद्दल फारसं बोलत नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. डिसेंबर १९३५ मध्ये जर्मन मनोविश्लेषण संस्थेच्या ज्यू सभासदांनी ‘स्वेच्छेनं’ राजीनामे दिले. १९३६ पासून उरलेल्यांनी हेरमान गोरिंगचा चुलतभाऊ मथियास गोरिंग याच्या संस्थेत काम केलं. त्याच संस्थेतल्या जॉन रिटमाइस्टरला राजवटीला विरोध केल्याबद्दल मे १९४३ मध्ये मृत्युदंड झाला. युद्धानंतर यातलं बरंचसं ‘आम्ही मनोविश्लेषण वाचवलं’ या वाक्याखाली झाकलं गेलं. १९७७ मध्ये जर्मनांनी मनोविश्लेषकांच्या जागतिक परिषदेला बर्लिनचं आमंत्रण दिलं, ते जेरुसलेमच्या बैठकीत नाकारलं गेलं, आणि मग चौकशा सुरू झाल्या. तरुण विश्लेषकांनी आपल्याच गुरूंची जुनी पत्रं नि कागद बाहेर काढले. १९८३ मध्ये एक वाद भडकला तो कार्ल म्युलर-ब्राउनश्वाइग यांच्या लेखावरून : नव्या राजवटीला मनोविश्लेषण कसं उपयोगी पडेल हे सांगणारा, १९३३ सालचा. हेच गृहस्थ १९५० मध्ये नव्या जर्मन संघटनेचे संस्थापक झाले होते. तो लेख पुन्हा छापला आणि ज्येष्ठांचा रोष ओढवून घेतला तो ‘प्सिखे’ या मासिकानं, १९४७ मध्ये ज्याच्या संस्थापकांत अलेक्झांडर मिचरलिश होते. दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, जागतिक परिषद हाम्बुर्गला भरली, आणि यजमानांनी पाहुण्यांसाठी आपल्या व्यवसायाच्या नाझी काळातल्या कागदपत्रांचं प्रदर्शन मांडलं.