नीट दिसतंय, मग पडदा तपासायचा कशाला?

शुगरच्या गोळ्या आणायला गेलेल्या माणसाला डॉक्टर चिठ्ठी देतात, ‘डोळ्याचा पडदा तपासून घ्या.’ चिठ्ठी घरी येते आणि रेशनकार्डाच्या पिशवीत पडून राहते. ‘मला नीट दिसतंय, एक रोज कशाला बुडवू?’ हे उत्तर आम्ही वस्तीत नेहमी ऐकतो. रोज बुडणे म्हणजे काय, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच ही चिठ्ठी का देतात, ते आज सांगतो.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पातळ पडदा असतो. समोरचे चित्र त्यावर उमटते आणि नसेवाटे मेंदूकडे जाते. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होऊन पाझरू लागतात. पुढे तिथे नव्या नाजूक वाहिन्या वाढतात, त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते. सुरुवातीला काही दुखत नाही, दिसणेही कमी होत नाही. ते कमी होते तेव्हा बरेच नुकसान झालेले असते. लेझर आणि इंजेक्शनने उरलेली नजर वाचवता येते, गेलेली मात्र बहुधा पूर्ण परत येत नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टीही अधू झाली होती. त्या काळी हे उपचार नव्हते, आज आहेत.

ही तपासणी कोणाला सांगतात?

• मधुमेह : मोठेपणी झाला असेल तर निदान होताच, नंतर दरवर्षी. मधुमेही बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांत.

• बीपी : फार वाढलेले किंवा बरीच वर्षे असलेले.

• मोठा मायनस नंबर, किंवा डोळ्याला जोराचा मार.

• संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असणे. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

• अपुऱ्या दिवसांचे बाळ : 34 आठवड्यांआधी जन्मलेले किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचे. त्याचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासावा. बाळ फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. इथे उशीर झाला तर आयुष्यभराचे अंधत्व येऊ शकते.

अचानक डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे किंवा एकाएकी दिसेनासे होणे, यांपैकी काहीही झाले तर चिठ्ठीची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पडदा सुटत असू शकतो.

चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे. या तपासणीत थेंब टाकून बाहुली मोठी करतात. त्याला साधारण अर्धा तास लागतो, मग डॉक्टर आत पाहतात. नंतर काही तास अंधुक दिसते, ऊन खुपते. त्या दिवशी गाडी चालवू नका, शिलाईचे किंवा उंचावरचे काम धरू नका. सोबत कोणी न्या. काचबिंदू असेल तर थेंबांआधीच सांगा.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग असतो. सकाळी ओपीडीच्या वेळेत जा. जुने केसपेपर, शुगरचा रिपोर्ट आणि चालू गोळ्या बरोबर ठेवा. पडदा चांगला निघाला तरी पुढच्या वर्षीची तारीख विचारूनच घरी या.