कवी नसलेले रेगे

रेगे म्हटले की मराठीच्या प्राध्यापकाला पु. शि. रेगे आठवावेत, नाही तर सदानंद रेगे, हे योग्यच आहे. त्यामुळे ‘मी सध्या रेगे ऐकतो आहे’ असे मी म्हणालो, की आमच्या स्टाफरूममध्ये ‘वाचतो आहे म्हणा’ अशी माझी दुरुस्ती होते. मग सांगावे लागते, की हे रेगे कवी नव्हेत. जमैका बेटावरचे ते संगीत आहे. पुस्तक एकट्याने वाचता येते, पण चांगली तबकडी हाती लागली की ‘अहो, जरा बसा, एवढे ऐका’ असे म्हणायला कोणी तरी हवेच असते. तेव्हा फराळाबरोबर वाचकांनीही थोडे ऐकावे.

जमैका आपल्याला अगदीच परके नाही. १८४५ साली हिंदुस्थानातील करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज तेथे लागले. १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० माणसे अशीच मळ्यांवर राबायला गेली. त्यांच्याही आधी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची प्रजा तेथे होती, आणि बेटावर बहुसंख्या तिचीच. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला; पण किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांना गाण्याचे स्वातंत्र्य त्याआधीच सापडले होते.

त्याचे असे झाले. घरोघरी रेडिओ किंवा फोनो घेण्याची ऐपत नव्हती. मग काही उद्योगी मंडळींनी भलेमोठे कर्णे आणि तबकड्या ट्रकवर लादून मोकळ्या जागांत नाचगाण्याच्या रात्री सुरू केल्या. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात जो थाट असतो, तोच म्हणा ना! या थाटाला ‘साउंड सिस्टिम’ म्हणत. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे त्यातले दोन नामांकित प्रतिस्पर्धी. आपण कोणते गाणे लावले हे दुसऱ्याला कळू नये म्हणून तबकडीवरचे लेबलच खरवडून टाकण्याची तेथे पद्धत होती. पुढे हेच लोक स्वतः तबकड्या काढू लागले. प्रथम ‘स्का’ची धावती चाल आली, १९६६ च्या सुमारास ती मंदावून ‘रॉकस्टेडी’ झाली आणि १९६८ मध्ये ‘टूट्स अँड द मेटल्स’ यांच्या एका तबकडीने ‘रेगे’ हा शब्द रूढ केला.

या संगीताची खुबी तालात आहे. आपल्याकडे गवई कितीही भटकला तरी समेवर येतो आणि बैठकीतल्या माना एकदम डोलतात. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली मोकळी सोडतात. ढोलाचा जोर पडतो तो तिसरीवर. गिटार मधल्या फटींतून चुटपुटत राहते. आपला कान समेची वाट पाहतो आणि तेथे कोणीच नसते! पहिल्या दिवशी चुकल्यासारखे वाटते. आठवड्याने त्या रिकाम्या जागेचीच गोडी लागते.

गाण्यांचा आशय मात्र रिकामा नाही. भूक, गुलामगिरीची आठवण आणि माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची जिद्द हे त्यांचे विषय. बॉब मार्ली (१९४५–१९८१) याने ते जगभर नेले. १९७८ मध्ये किंग्स्टनच्या एका मैफलीत त्याने मायकेल मॅन्ली आणि एडवर्ड सिआगा या दोन राजकीय वैऱ्यांचे हात रंगमंचावर एकमेकांत गुंफले. २०१८ साली युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

आता गोवंडीकडे येतो. आमच्या भागातही १४ एप्रिलला कर्णे लागतात. त्यांतून प्रल्हाद शिंदे यांचा आवाज येतो, वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गीते येतात. वामनदादांना अक्षरओळख मोठेपणी झाली, तरी त्यांची गीते वस्त्यावस्त्यांत तोंडपाठ झाली. भूक, अपमान, ताठ मान हेच येथेही विषय. गंमत अशी, की भिंतीवर मार्लीची तसबीर लावणारी सुशिक्षित घरे अशा वेळी खिडक्या लावून घेतात. दूरच्या झोपडीतले गाणे कला आणि जवळच्या झोपडीतले गाणे गोंगाट, हा न्याय मला पटत नाही.

शिवाय जमैकाचा धागा गोवंडीपर्यंत पोचलाच आहे. जमैकात जन्मलेल्या क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने साउंड सिस्टिमची रीत न्यूयॉर्कला नेली आणि १९७३ मध्ये तेथे त्याच्या कर्ण्यांसमोर हिप-हॉपचा पाळणा हलला. त्याच घराण्यातले रॅप गोवंडीची पोरे आज आपल्या भाषेत म्हणतात. २०२३ मध्ये येथील नटवर पारेख कंपाउंडमध्ये गोवंडी कलामहोत्सव झाला, तेव्हा या गाण्यालाही व्यासपीठ लाभले.

वाचकांना सुचवायचे ते एवढेच. ‘द हार्डर दे कम’ या १९७२ च्या चित्रपटाची गाणी आधी ऐका, मग मार्ली. त्यानंतर वामनदादांकडे वळा. जमैकाची लेबले खरवडली गेली, तरी तबकड्या उरल्या. आपल्याकडे पुष्कळ गाणी म्हाताऱ्या माणसांच्या कंठातच आहेत. घरी कामाला येणाऱ्या मावशींना, गल्लीतल्या आजोबांना एखादे म्हणायला सांगा आणि शब्द उतरवून घ्या. तेवढ्यासाठी खिडकी उघडी ठेवावी लागेल, इतकेच.