कथेतील उत्कंठा आणि कर्माचा हिशेब

अयोध्येचा राजा दृढवर्मा याचा पुत्र कुवलयचंद्र घोड्यावर स्वार होऊन निघतो आणि पाहता पाहता घोडा त्याच्यासह आकाशात झेपावतो. राजकुमार सुरीने वार करतो. घोडा भूमीवर कोसळून गतप्राण होतो. तो घोडा खरोखर कोण होता? त्याने राजकुमाराला का पळविले? उत्तर मिळण्यापूर्वीच एक अदृश्य वाणी त्याला दक्षिणेकडे जाण्यास सांगते. अरण्यात एका मुनिराजांचे दर्शन होते. त्यांच्या एका बाजूस दिव्य पुरुष, तर दुसऱ्या बाजूस सिंह. राजकुमार आपली शंका विचारतो, आणि येथेच मुख्य कथा थबकते.

वाचकाला अशा ऐन वळणावर थांबविण्याच्या युक्तीस आज ‘क्लिफहँगर’ म्हणतात. दूरचित्रवाणीवरील मालिकांचे भाग याच युक्तीवर चालतात. मात्र वरील प्रसंग आहे उद्योतनसूरींच्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथातील. इ. स. 779 मध्ये जाबालिपूर, म्हणजे आजच्या राजस्थानातील जालोर येथे तो पूर्ण झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी त्याचे संपादन केले. विविध प्रांतांच्या व्यापाऱ्यांच्या बोलीचे नमुने देताना उद्योतनसूरींनी मराठी बोलीचीही नोंद केली आहे.

राजकुमाराला उत्तर देताना मुनिराज थेट पूर्वजन्मांकडे वळतात. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांच्या आहारी गेलेल्या पाच जीवांच्या कथा ते सांगतात. त्यांतील लोभदेवाची कथा व्यापारी कुटुंबांनी आवर्जून वाचावी अशी आहे.

लोभदेव घोडे विकण्यासाठी तक्षशिलेकडून सोपाऱ्यास येतो. हे सोपारे म्हणजे आजचे नालासोपारा. चांगला नफा पदरी पडतो. इतक्यात व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात त्याच्या कानी येते, की रत्नद्वीपात कडुनिंबाच्या पानांच्या बदल्यात रत्ने मिळतात. तो भद्रश्रेष्ठीला भागीदार करून समुद्रपर्यटनास निघतो. रत्ने मिळतात, परंतु परतीच्या वाटेवर वाटणीचा विचार त्याला सोसवत नाही. ज्याने आपल्या घरी आश्रय दिला, त्याच भागीदाराला तो समुद्रात ढकलून देतो.

आता पुढे काय? धन तर सारे हाती आले! पण भद्रश्रेष्ठी मरून राक्षस होतो आणि ते जहाजच बुडवितो. रत्ने जातात; लोभदेवाच्या वाट्याला उरतात त्या केवळ यातना.

या पाच कथा संपता संपता राजकुमाराला आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. त्या पाचांपैकी मानभट नावाचा अहंकारी जीव तो स्वतःच असतो. दूरच्या कोणाची म्हणून ऐकलेली कथा त्याची स्वतःची निघते.

सामान्य रहस्यकथा वाचकाला ‘पुढे काय होणार?’ एवढेच विचारायला लावते. उद्योतनसूरी त्याच उत्कंठेच्या बळावर ‘हे मागे कशामुळे घडले?’ असा प्रश्न मनात रुजवितात. कर्मसिद्धांत केवळ उपदेशाने सांगितला, तर तो ऐकून विसरला जातो. उत्तराची वाट पाहत असताना उमगलेला कार्यकारणभाव मात्र मनात टिकतो. घरातील मुलांना रात्री गोष्ट सांगताना लोभदेवाचा हात भागीदाराकडे वळतो त्या क्षणी थांबावे आणि विचारावे, “आता त्याने काय करावे?” पुढील कथा दुसऱ्या दिवशी सांगता येईल.