बारा खणांची फळी

दिव्यांग व्यक्तींना हाताचे काम शिकवायचे, त्या कामातून तयार होणारा माल बाजारात विकायचा आणि आलेला पैसा कुणी वाटून न घेता पगार, हत्यारे व पुढच्या तुकडीच्या शिक्षणावर लावायचा, अशा रीतीने चालणाऱ्या कारखान्यांना संरक्षित कार्यशाळा म्हणतात. शाळेतल्या हस्तकलेच्या तासाहून ही गोष्ट वेगळी आहे. इथे गिऱ्हाइकाला दिलेली तारीख पाळावी लागते आणि बिघडलेला नग परत येतो. त्या धाकानेच शिकणाऱ्याचा हात बसतो.

महाराष्ट्रात ही वाट जुनी आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत एक संस्था निघाली. तीच पुढे खडकीला गेली आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांबरोबर दिव्यांगही माग चालवू लागले. त्यांच्या धंदेशिक्षणासाठी तिथे संधीनिकेतन सुरू झाले. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था स्थापन केली. सोळाव्या वर्षापासून त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर आहेत. या संस्थेने पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजू प्रक्रियेचे काम उभे केले.

काजूचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. बी वाफवायची, कवच फोडायचे, गर वाळवायचा, साल काढायची, मग अख्खे, पाकळी आणि तुकडा वेगळा करायचा. कवच फोडण्याच्या नेहमीच्या यंत्राला हाताबरोबर पायही लागतो, शिवाय कवचाचे तेल कातडी भाजते. साल काढणे आणि निवडणे मात्र बसून होते, तिथे नजर आणि बोटे पुरतात. पायात बळ नसलेली बाई निवडीच्या टेबलावर कुणाहूनही मागे पडत नाही. अख्खा गर तुटला की भाव उतरतो, म्हणून तिच्या बोटांच्या हलकेपणाला बाजारात रोकडी किंमत आहे.

सोलापुरात हाच विचार कापडाला लावता येतो. जॅकार्डवर विणलेली चादर आणि टॉवेल यांवर हे शहर वाढले. यंत्रमाग चालवण्यापलीकडेही या धंद्यात पुष्कळ कामे असतात: कांड्या भरणे, टॉवेल कापणे, काठ शिवणे, डाग आणि तुटके धागे पाहणे, घडी घालणे, डझन बांधणे. बारकाईने सुटे केलेले काम माणसाच्या मापाने वाटता येते. पायमशीनला मोटर बसवून कळ कोपराजवळ आणली की पाय न चालणारा कारागीर काठ शिवतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी भोंग्याच्या जोडीला दिवा लावावा लागतो. ज्याला बारापर्यंत मोजता येत नाही त्याच्यापुढे बारा खणांची लाकडी फळी ठेवायची. प्रत्येक खणात एक घडी, सगळे खण भरले की डझन पुरा. आकडे न शिकताही त्याची मोजणी चुकत नाही. अशी फळी सुतार थोडक्या वेळात करून देतो; ती सुचायला मात्र त्या मुलाशेजारी बसून त्याचे काम पाहावे लागते.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते रास्त आहेत. शिकणारा वर्षानुवर्षे ‘प्रशिक्षणार्थी’च राहतो आणि हातावर पगाराऐवजी मानधन पडते, असे अनेक ठिकाणी घडते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने रेम्प्लॉय नावाचे कारखाने दिव्यांगांसाठी काढले. दिव्यांगांनी इतरांच्या बरोबरीने खुल्या नोकरीत जावे, या धोरणाने २०१३ पर्यंत ते बंद झाले. पण तिथल्या अनेक कामगारांना दुसरे काम मिळणे कठीण गेले. बंद करणाऱ्यांनी बाहेरची दारे आधी उघडायला हवी होती. भारतात २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, धंदेशिक्षण सर्वांबरोबर देण्याची आणि सरकारी पदांत किमान ४ टक्के राखीव जागांची तरतूद केली. खाजगी मागवाल्यावर मात्र तशी सक्ती नाही. आणि गरज मोठी आहे: २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग नोंदले गेले.

दयेपोटी घेतलेला टॉवेल एकदाच विकला जातो. त्याचा काठ सरळ असेल, धुतल्यावर रंग सुटत नसेल, तरच दुकानदार दुसऱ्यांदा मागवतो. म्हणून चांगल्या कार्यशाळेत तपासणीच्या टेबलावर सवलत नसते. सवलत हत्यारात, वेळेत आणि शिकवण्यात असते. शिवाय विक्री सांभाळायला बाजार जाणणारा माणूस लागतो, नाहीतर दिवाळीत पणत्या व आकाशकंदील खपतात आणि उरलेले वर्ष हात रिकामे राहतात. शाळांचे गणवेश, इस्पितळांच्या चादरी, लॉजचे टॉवेल यांना मागणी बारमाही असते, आणि हा माल सोलापूरच्या रोजच्या सवयीचा आहे.

उरतो प्रश्न जाण्यायेण्याचा. शहराच्या पूर्व भागातल्या गल्लीतून अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीपर्यंत चाकाची खुर्ची रोज नेणे हे शिवण शिकण्याहून अवघड ठरते. मशीन घरी दिली तर प्रवास वाचतो, पण सोबत्यांची संगत आणि चूक दाखवणारा उस्ताद दोन्ही सुटतात. त्यामुळे शिकण्याचे महिने कार्यशाळेत, त्यासाठी संस्थेची गाडी, आणि हात बसल्यावर ज्याची इच्छा असेल त्याला घरी मशीन, अशी विभागणी सोयीची पडते. घरच्या नगाला दर मात्र कार्यशाळेतलाच हवा.